गोडी आणि ओढ : नांदुरा ते लोणार

गेली सोळा वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांना सुख देते आणि ते सुख मेंदूत कुठून निघालं, कुठे पोचलं, ते मोजते. हे सांगितलं की लोक एक तर हसतात, नाहीतर विषय बदलतात. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण संघमित्रा मात्र पहिल्यापासून मन लावून ऐकत आली. ती मानसोपचारतज्ज्ञ झाली आणि पुण्यात सहज जम बसला असता तरी नांदुऱ्याला, आपल्या गावी परतली. तिथे ती दारू सोडू पाहणाऱ्यांवर उपचार करते. फेब्रुवारीच्या अखेरीस तिचा फोन आला, "देऊळगाव राजाच्या एका कॉलेजात तुझं भाषण ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. परतताना लोणार दाखवते."

मी बॅग भरली. बुलडाणा जिल्हा मी तोवर फक्त नकाशात पाहिला होता.

शुक्रवार, नांदुरा

गाडी सकाळी पोचली. संघमित्रा फलाटावर उभी होती आणि पंधराव्या मिनिटाला माझ्या पुढ्यात गरम कचोरी होती. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात, तेही उत्तराची फारशी वाट न पाहता. इथे विचारतात, "दोन का तीन?"

तिच्या दवाखान्यासमोर एका बँडचं दुकान आहे. दारात दोरीवर लाल कोट वाळत घातलेले, आत ढोलांची उतरंड, आणि खुर्चीत बसून पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ क्लॅरिनेट पुसत होते. हे मोतीरामभाऊ. (हे सगळं लिहायला त्यांची परवानगी आहे. "नाव बदला, पण वाद्य बदलू नका. माणसं म्हनतीन पिपाणीवाला होता," एवढीच त्यांची अट. म्हणून नाव बदललंय, क्लॅरिनेट तेच आहे.)

आम्ही बोलायला लागणार एवढ्यात त्यांच्या पत्नी, कमलबाई, हातात पाण्याचा पेला आणि एक गोळी घेऊन आल्या. मोतीरामभाऊंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि मग दंतवैद्यापुढे उघडावं तसं तोंड उघडून दाखवलं. कमलबाईंनी आत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि गेल्या.

"आठ महिने झाले, रोज असंच," ते म्हणाले. "तुमीच का थ्या उंदराच्या डॉक्टर?"

"हो."

"उंदराले दारू पाजता म्हनते."

"पाजत नाही, नुसती ठेवतो. ते आपणहून पितात."

"आमचंबी तसंच होतं," ते म्हणाले आणि खो खो हसले.

पंचवीस वर्षं ते प्यायले. लग्नात वाजवायचं आणि प्यायचं, हे त्यांच्या धंद्यात जोडीनंच येतं. गेल्या वर्षी एका वरातीत चक्कर येऊन रस्त्यात पडले, तेव्हा कमलबाईंनी रस्ता ओलांडून संघमित्राचं दार ठोठावलं. तिनं त्यांना नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी सुरू केली. या गोळीनं दारू प्यायली तरी तिची मजा येईनाशी होते. मजाच नाही म्हटल्यावर हळूहळू ती सुटते. भाऊंची सुटली.

"पन एक विचारू का ताई?" त्यांनी आवाज खाली आणला. "या गोळीनं दारूची मजा नेली, बेस झालं. वाजवाची मजाबी नेली का? सूर बरोबर लागून राह्यला. लोकं नाचून राह्यले. अन् मी कसा, कोनी दुसराच वाजवून राह्यला असा उभा असतो. पह्यले एखांदी तान लागली का आंगावर काटा ये."

मला उत्तर निम्मंअर्धं माहीत होतं. आमच्या उंदरांना हेच औषध दिलं की साखरपाण्याची त्यांची गोडीही कमी होते. ते पितात, पण मिटक्या मारत नाहीत. माणसांत सगळ्यांना असं होत नाही, काहींना होऊ शकतं. मी तसं सांगितलं आणि विचारलं, "डॉक्टरांना बोललात का हे?"

"बोललो तर म्हनतीन बहाना करून राह्यला. घरची तर म्हननच."

दुपारी कमलबाई एस.टी.नं लोणारला निघाल्या. तिथे त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. भाऊ उद्या आमच्याच गाडीत येणार होते, कारण रविवारी देऊळगाव राजात बँडला एका लग्नाची सुपारी होती आणि मुलीकडच्यांनी गाणी ठरवायला त्यांना आदल्या दिवशीच बोलावलं होतं. निघताना कमलबाईंनी गोळ्यांची पट्टी माझ्या हातात ठेवली.

"डॉक्टरताईले सतरा कामं असते. दोन दिवस तुमी द्या. मी सोमवारी भेटतोच तुमाले."

इथल्या बायका 'मी जातो, मी भेटतो' असं बोलतात. माझ्या पुणेरी कानांना पहिल्या दिवशी ते खटकलं, दुसऱ्या दिवशी आवडायला लागलं. पट्टी मी पर्समध्ये जपून ठेवली. एवढा विश्वास माझ्यावर कुठल्या उंदरानं टाकला नव्हता.

शनिवार, देऊळगाव राजा

सकाळी गोळी दिली, तोंड पाहिलं, निघालो. मोताळा मागे टाकून गाडी राजूरच्या घाटाला लागली. डोंगरभर पळस पेटला होता. पान एक नाही, नुसता केशरी रंग. बुलडाण्यात खिडकीतून येणारा वारा थोडा गार झाला आणि चिखलीच्या अलीकडे संघमित्राच्या मामांच्या वावरात आम्ही जेवायला थांबलो.

तिथे रोडगे होते. कणकेचे हे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, फोडून त्यात तूप ओततात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. शेजारी पानावर हिरवा ठेचा. मामांनी बजावलं होतं, "पोरी, जरासाच घे." मी तो चटणीसारखा घेतला. पुढची पाच मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. डोळ्यांतून, नाकातून धारा, कानात शिट्टी, आणि मामी गुळाचा खडा घेऊन माझ्यामागे धावतायत. मोतीरामभाऊ हसून हसून खाटेवर आडवे झाले.

मग जाळ ओसरला आणि आतून एक निवांत, उबदार बरं वाटणं वर आलं. सोळा वर्षं मी हे दुसऱ्यांच्या मेंदूत मोजत होते! मोठी वेदना झाली की मेंदू आपलं घरचं औषध काढतो. त्याचं नाव एंडॉर्फिन, काम अफूसारखंच, फक्त ते आपलं आपण बनवलेलं. मी मामांना म्हटलं, "अजून थोडा ठेचा द्या." मामांनी दिला नाही.

चार वाजता भाषण. पडद्यावर पहिलं चित्र आलं, प्राचार्य दोन शब्द म्हणून दोनशे बोलले, आणि वीज गेली. माझी सगळी रंगीत चित्रं पडद्यावरून गडप झाली. मागच्या रांगेत मोतीरामभाऊ बसलेले दिसले, आणि मी ठरवलं की त्यांना कळेल असं बोलायचं.

"मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन बनवतात," मी म्हणाले. "पण त्यांना मोकळं सोडलेलं नसतं. शेजारच्या पेशी पहारेकऱ्यासारख्या त्यांना दाबून ठेवतात, गप्प बसा म्हणतात. या पहारेकऱ्यांच्या अंगावर बारीक कुलपं असतात. त्यांना ओपिऑइड रिसेप्टर म्हणतात. एंडॉर्फिन ही त्या कुलपाची घरची किल्ली, अफू ही चोरकिल्ली. किल्ली फिरली की पहारेकरी गप्प होतो आणि डोपामिन सुटतं. दारू स्वतः किल्ली नाही, पण ती मेंदूला घरच्या किल्ल्या बाहेर काढायला लावते."

"आन् गोळी?" मागून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मोतीरामभाऊ उभे होते.

"गोळी कुलपात शिरते, फिरत नाही आणि दुसऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही."

"म्हंजे दारूची किल्ली अडली तशी गान्याचीबी अडली."

"अडू शकते. कुलूप तेच आहे."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग मॅडम, डोपामिन म्हणजे सुख का?"

"लोक तसं म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. चव लागते ती गोडी, ती बरीचशी या कुलपांची. डोपामिन म्हणजे ओढ. उंदराला रोज आधी दिवा लावून मग साखरपाणी दिलं, तर थोड्या दिवसांनी त्याचं डोपामिन दिवा लागल्याबरोबर उसळतं. साखर अजून आलेलीसुद्धा नसते. तो दिव्याकडेच धावतो."

भाषण संपलं आणि वीज आली. बाहेर गाडीपाशी मोतीरामभाऊ माझी वाट पाहत होते. ते हसत नव्हते.

"ताई, सकाळची गोळी म्या गालात दाबली होती. मोताळ्याले उतरून थुकली. आठ दिवस झाले, असंच करून राह्यलो."

मला खरंच राग आला. मी ते तोंड नीट पाहिलं होतं! "मी आत्ता संघमित्राला सांगते," मी म्हणाले.

"सांगा. मीच सांगतो. पन उद्याची वरात होऊ द्या. एकडाव वाजवून पाहू द्या मले. आठ महिन्यात पह्यल्यांदा, गोळीबिगर."

मी हो म्हणायला नको होतं. तरी म्हणाले. कमलबाईंची पट्टी माझ्या पर्समध्ये होती आणि माझ्या मनात, खरं सांगायचं तर, दया कमी आणि कुतूहल जास्त होतं.

रविवार, वरात

लग्न दुपारचं, वरात सकाळी दहाला. संघमित्राला गावातल्याच एका ओळखीच्या दवाखान्यात पेशंट पाहायचे होते. मी भाऊंबरोबर गेले आणि मनाशी ठरवलं की त्यांच्यापासून चार पावलांपलीकडे जायचं नाही. हातात त्यांच्या क्लॅरिनेटची पेटी धरली होती. त्यामुळे मुलीच्या काकांनी मला बँडची मॅनेजर समजून फर्मावलं, "बाई, जरा दणक्याचं लावा न! पाव्हने थंडे पडून राह्यले."

दणक्याचं लागलं. पुढे मारुतीच्या देवळाकडे वळताना ढोल जरा शांत झाले आणि मोतीरामभाऊंनी एक जुनी लोकधून धरली. सुरुवात साधी होती. मग एक सूर वर चढला, तिथेच थांबला, थरथरला आणि सरळ काळजात उतरला. नाचणाऱ्यांतल्या एका आजींनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले. मी गाण्यातली दर्दी नाही, पण माझे पाय हलायला लागले. वाजवता वाजवता भाऊंनी कोपर माझ्यापुढे केलं. कोटाची बाही मागे सरकली होती आणि हातावरचा केस न् केस उभा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि क्लॅरिनेट तोंडात असूनही ते हसत होते.

देवळापाशी वरात थांबली. नवरदेव दर्शनाला आत गेला, बँडला विसावा मिळाला. जनरेटरच्या गाडीमागून ढोलवाल्यानं हाक मारली, "या हो भाऊ!" तिथे काय चाललं होतं ते वासावरून कळत होतं.

मोतीरामभाऊ चार पावलं चालले आणि जागीच थांबले. वळून माझ्याकडे आले. चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, माझा हात धरा."

"काय झालं?"

"धरा आधी, लाजू नका. माझे पाय आपोआप तिकडं निंघाले. मी इचारबी नाई केला. सूर लागला न, त्याच्या मांगं मांगं थे ओढ आली. पंचवीस वर्सं सूर लागला का पेला ये. तुमचा थो दिवा, ताई. माझा दिवा हाच हाय." त्यांनी क्लॅरिनेट वर केलं.

मी हात धरला. दोनशे वऱ्हाड्यांच्या देखत, मारुतीच्या देवळासमोर, एका बँडवाल्याचा हात धरून मी पाच-सात मिनिटं उभी होते. मुलीचे काका आमच्याकडे पाहून पुन्हा पाहायला लागले. पाहू देत, म्हटलं. नवरदेव बाहेर आला, ढोल वाजला, भाऊंनी हात सोडवून घेतला आणि उरलेली वरात त्यांनी वाजवली. मी जनरेटर आणि ते यांच्यामध्ये चालत होते.

अक्षता पडल्या तसे आम्ही दोघं जेवायच्या पंगतीला न थांबता दवाखान्यात गेलो. भाऊंनी सगळं सांगितलं, गाल, मोताळा, आठ दिवस, माझ्यासकट. ऐकून झाल्यावर संघमित्रानं त्यांच्याच बोलीत विचारलं,

"भाऊ, मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी म्हनसान, पेयाले बहाना पाह्यजे."

"प्याले का पन?"

"नाई."

"मग? दुसरं औषध हाय. थे या कुलपाले हात लावत नाई. आधी किडनीची तपासनी करू, मंग पाहू तुमाले जमते का. आन् दुसरी गोष्ट, जिथं कधी प्याले नाई अशा ठिकानी वाजवत जा. एकटे, सकाळचे. सुराले पेल्याशिवाय राहाची सवय लावा लागन."

भाऊ बाहेर गेले आणि तिनं दार लावलं. माझ्याशी ती पुण्याच्या मराठीत बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काल तुला कळलं आणि तू गप्प बसलीस."

"त्यांनी वरातीपर्यंत थांब म्हटलं."

"आणि तुला पाहायचं होतं काय होतं ते."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"पेशंट माझा आहे. प्रयोग तुझा नव्हता," ती म्हणाली. गाडीत तिनं भाऊंना पुढे बसवलं आणि मला मागे. मग सिंदखेड राजाला रस्त्यात उसाचा रस दिसला. तिनं गाडी थांबवली, तीन ग्लास सांगितले आणि मला आलं जास्त घातलेला दिला. मैत्री असल्याचं एवढं एक चिन्ह मला पुरलं.

सोमवार, लोणार

कमलबाईंच्या बहिणीच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी उजाडल्यावर सगळे सरोवर पाहायला गेलो. आकाशातून दगड पडून झालेला हा खड्डा आहे, हे शाळेत वाचलेलं असतं. पण काठावर उभं राहिल्यावर कळतं की त्याला खड्डा म्हणणं हा त्याचा अपमान आहे. खाली गर्द झाडांची कड, मधोमध हिरवं, गप्प पाणी, आणि झाडीतून मोरांचे आवाज.

भाऊंनी क्लॅरिनेट आणलं होतं, पण आधी ते कमलबाईंना घेऊन एका सपाट दगडावर बसले. आम्ही दोघी दूर सरकलो, तरी सकाळच्या शांततेत सगळं ऐकू येत होतं.

त्यांनी सांगितलं. कमलबाई उठल्या, वीसेक पावलं चालत गेल्या, परत आल्या.

"सक्काळी सक्काळी मी तुमचं तोंड पाह्यतो. मले वाटे, मी या मानसाले वाचवून राह्यलो. आन् तुमी गालात धरून हासून राह्यले माह्यावर."

"हासलो नाई, कमल. लाज वाटे."

"मंग मले सांगाचं होतं! सूर येत नाई म्हनून. मले का सूर समजत नाई? तीस वर्सं आयकून राह्यलो मी."

कमलबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आता मी तोंड पाह्यनार नाई. नवं औषध तुमच्या हातानं घ्या. घ्याचं तर घ्या, नाई तर तसं सांगा. मी बायको हावो, पोलीस नोहो."

"घेतो."

"आन् वाजवा आता. आनलंच हाय त."

त्या त्यांच्याकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून बसल्या. भाऊंनी कालचीच धून धरली. इथे ढोल नव्हता, नाचणारे नव्हते, कुठला वास नव्हता. पहिला सूर जरा फाटला. दुसरा लागला. खड्ड्याच्या पलीकडून तो परत आला आणि त्याच्या पाठोपाठ एक मोर ओरडला. भाऊंनी मोराची नक्कल केली. मोरानं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा डिवचलं, आणि मग झाडीतले सात-आठ मोर एकदम तावातावानं भांडायला लागले. कमलबाईंची पाठ हलायला लागली. मला वाटलं, रडतायत. त्या वळल्या तेव्हा हसू आवरत नव्हतं.

"बंद करा थे!" त्या म्हणाल्या. "पाखरं येडे करून राह्यले सारे."

मी पुण्याला परतले त्याला आता चार महिने होतील. नवं औषध भाऊंना मानवलं. एप्रिलमधल्या एका लग्नात ते एकदा घसरले आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी स्वतःच संघमित्राच्या पायरीवर येऊन बसले होते. तेव्हापासून पुन्हा कोरडे आहेत. विसाव्याच्या वेळी जनरेटरकडे न जाता ते आता बायकांच्या मांडवात जाऊन बसतात आणि तिथे त्यांना सरबत मिळतं.

परवा मी त्यांच्या घरी फोन केला. कमलबाईंनी उचलला. मागे क्लॅरिनेट इतकं जोरात चाललं होतं की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"रोज सक्काळी सहाले सुरू करते!" त्या म्हणाल्या. "शेजारी बोंब मारून राह्यले."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

"काय सांगू? म्हनलं, मारा. मले त आयकू येत नाई तुमची बोंब."